नुसती वाफ

पूर्वी शिष्य गुरूच्या दारी येत असत. आता गुरूलाच शिष्याच्या दारी जावे लागते, आणि तेही बसल्या जागेवरून, संगणकाच्या पडद्यातून. माझ्या दहा-बारा विद्यार्थिनी अशा आहेत की, लग्नाच्या वा नोकरीच्या निमित्ताने त्यांनी वडोदरे सोडले, विलायत, अमेरिका, कॅनडा येथे बिऱ्हाडे थाटली, पण गाणे काही सोडले नाही. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी त्यांचे चेहरे माझ्या खोलीत उगवतात. मी तंबोरा जुळवतो, त्या सूर लावतात, आणि मध्येच यंत्र अडले की तिकडचा सूर तिकडेच राहून जातो. असो. न मिळण्यापेक्षा हे बरे.

त्यांपैकी एक इंग्लंडात असते. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातली मुलगी. तिचे पूर्वज संस्थानच्या चाकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. गेल्या वर्षी तिला दिवस राहिल्याची बातमी आली, तेव्हा तिने मला एक गळ घातली. “सर, बाळासाठी काहीतरी गाऊन पाठवा ना. इथल्या आपल्या सगळ्या मुली गर्भसंस्काराची गाणी ऐकतात.” मी म्हटले, माझ्या गाण्याचे राहू दे, तूच गा. पोटातल्या जिवाचे कान पाच-सहा महिने उलटल्यावर काम करू लागतात, आणि बाहेरच्या कोणत्याही आवाजापेक्षा आईचा आवाज त्याला अधिक पोहोचतो, कारण तो हवेतून तर येतोच, पण आईच्या अंगाअंगातूनही येतो. तेव्हा रोज अर्धा तास यमन घेऊन बस, म्हणजे दोघांचाही रियाज होईल. तिला हे पटले. आमची शिकवणी पुन्हा सुरू झाली.

या शिकवणीला तिसरे एक माणूस हजर असे. ते म्हणजे तिची आजी. वय चौऱ्याऐंशी. घरी तो पडदा कसा चालवावा हे त्यांना जमत नाही, म्हणून नात दिसावी एवढ्यासाठी त्या रिक्षा करून माझ्याकडे येत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत आणि गाणे संपेपर्यंत एक शब्द बोलत नसत. एका संध्याकाळी मात्र बोलल्या. मुलगी गंधारावर थांबली होती. आलाप पुरा झाला, तिने क्षणभर मान बाजूला वळवली, आणि पडद्यावर पांढऱ्या धुक्याचा एक लोट उठून विरून गेला. मला वाटले, यंत्राचाच काही दोष असेल. आजींची नजर माझ्याहून तीक्ष्ण.

“अगं, तोंडातून धूर कसला निघाला तुझ्या?”

“धूर नाही गं आजी. नुसती वाफ आहे. पुदिन्याची.”

मग तिने हातातली वस्तू दाखवली. फौंटनपेनाएवढी, गुळगुळीत, निळ्या रंगाची. तिकडे तिला व्हेप म्हणतात. आजींचा पारा चढला. पोटुशी बाई आणि तोंडातून लोट काढते, तुझ्या आईला कळले तर काय म्हणेल, आमच्या घरात असे कधी झाले नाही, वगैरे वगैरे. आणि एवढे बोलून दम लागला म्हणून म्हणा वा सवयीने म्हणा, त्यांनी कनवटीची डबी काढली, चिमूटभर मशेरी तळहातावर घेतली आणि बोट दाढेकडे नेले. जवळजवळ सात हजार किलोमीटरांवरून नात खदखदून हसली. “आजी, आणि तुझ्या हातात काय आहे?”

“ही मशेरी. हिला कुठे धूर आहे?”

मी दोघींच्या मध्ये तंबोरा घेऊन बसलो होतो. एकीची नुसती वाफ, दुसरीला धूरच नाही. त्या वेळी मीही हसलो. पण रात्री ती दोन वाक्ये काही केल्या डोक्यातून जाईनात.

मी वैद्य नव्हे, गाण्याचा मास्तर आहे. परंतु माझ्या धंद्याचे भांडवल श्वास हेच आहे. माझे वडील दरबारी गवयांच्या घरात वाढले आणि अगदी पोरवयात राजवाड्यावर हजेरी लावू लागले. 1949 साली संस्थान विलीन झाले आणि ती हजेरी संपली. मी त्यांना पन्नाशीत झालेला मुलगा. ते शिष्याची परीक्षा घेत ती तानेवरून नव्हे, तर दमसासावरून. पहाटे खर्जाचा षड्ज लावायला सांगत आणि डोळे मिटून ऐकत. “गळा मिळवता येतो,” ते म्हणत, “छाती आईकडून आणावी लागते.” पिळदार छाती, घराण्याचे रक्त, असा काहीसा अर्थ त्या वेळी मी त्यातून काढला होता. आज त्या वाक्याचा अर्थ मला निराळा लागतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसलो, त्यांनी दिलेले कागद वाचले, न समजलेले पुन्हा विचारले. ते येथे सांगतो.

पहिली गोष्ट, ती वाफ नव्हे. चहाच्या किटलीतून निघते ती वाफ, ते पाणी. व्हेपमध्ये पाणी तापत नाही. प्रॉपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीन या दोन दाट द्रवांत निकोटीन आणि सुगंधी अर्क कालवलेले असतात. विजेरीवर एक बारीक तारेचे वेटोळे तापते आणि त्या द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब होऊन हवेत तरंगू लागतात. तेच छातीत जातात. द्रव फार तापला तर त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखी झोंबणारी द्रव्ये तयार होतात, आणि वेटोळ्याच्या धातूचे अंशही त्या थेंबांत सापडलेले आहेत. सिगरेटच्या धुरात जळलेल्या पानाची जी हजारो द्रव्ये असतात, डांबर असते, कार्बन मोनॉक्साइड असतो, त्या मानाने हे पुष्कळ कमी, यात शंका नाही. हे यंत्र आजच्या रूपात 2003 च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाने काढले, तेही सिगरेट सुटावी म्हणूनच. पण सिगरेटमधली जी एक गोष्ट त्याने मुद्दाम शिल्लक ठेवली, ती म्हणजे निकोटीन. त्यावाचून त्या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले नसते.

आणि गर्भारपणात सारा प्रश्न या निकोटीनाचा आहे.

आपल्याकडे बायकांची अशी समजूत असते की, वार ही गाळणी आहे. आईच्या पोटातले बरेवाईट गाळून चांगले तेवढे बाळाला जाते. पुष्कळ गोष्टी वार खरोखरच अडवते. निकोटीन अडवत नाही. ते सरळ पलीकडे जाते, आणि बाळाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा किंचित अधिकच भरते. गर्भजलातही ते उतरते. पुढे अंगावरच्या दुधातूनही येते. आईला एका झुरक्याने जरा हुशारी वाटत असेल, तर ती हुशारी तिच्या एकटीची नसते.

बाळाच्या शरीरात ते काय करते? आपल्या मज्जातंतूंत निरोप पोहोचवणारे एक द्रव्य असते, ॲसिटिलकोलीन नावाचे. पेशींवर त्याच्यासाठी जणू कुलपे बसवलेली असतात. निकोटीनाची किल्ली त्याच कुलपांना लागते. गर्भात ही कुलपे फार लवकर तयार होतात, मेंदूत आणि फुप्फुसांतही, आणि कोणती पेशी केव्हा वाढावी, केव्हा थांबावी, याचे बरेचसे इशारे त्यांच्यातून जातात. घर बांधणे चालू असताना मुकादमाच्या आवाजाची नक्कल करून कोणी परका माणूस गवंड्यांना हुकूम देऊ लागला, तर भिंती उभ्या राहतीलच, पण नकाशाबरहुकूम राहतील असे नाही.

फुप्फुसाची हकीगत ऐकून मी गाणाऱ्याच्या नात्याने थक्क झालो. गर्भ चार आठवड्यांचा असताना फुप्फुसाचा अंकुर फुटतो. मग झाडासारख्या त्याला फांद्या फुटत जातात, आणि श्वासनलिकांच्या मुख्य फांद्यांची संख्या सोळा-सतरा आठवड्यांत, म्हणजे चौथ्या महिन्याच्या आसपास, पुरी होते. त्यानंतर त्या लांबतात, रुंद होतात. नव्या फुटत नाहीत. पाने, म्हणजे वायुकोश, शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतर काही वर्षे येत राहतात. डोहाळजेवण होण्याआधीच, किंबहुना पुष्कळदा शेजाऱ्यांना बातमी कळण्याआधीच, त्या जिवाच्या जन्मभराच्या श्वासाच्या वाटा मोजून झालेल्या असतात. छाती आईकडून आणावी लागते, ती अशी.

दुसरे नवल याहून मोठे. बाळ पोटातच श्वासाचा रियाज करते. हवा नसतेच, पण तिसऱ्या महिन्यापासून छाती हलू लागते, गर्भजल आतबाहेर होते, आणि या हालचालीवाचून फुप्फुसे नीट वाढत नाहीत. पहाटेच्या खर्जसाधनेपूर्वीची ही साधना. आईने सिगरेट ओढली की ही हालचाल काही वेळ मंदावते, असे 1975 साली ब्रिटिश डॉक्टरांनी नोंदले, आणि त्यात निकोटीनाचा हात असावा असे पुढच्याच वर्षी दिसून आले. अमेरिकेत ओरेगॉन येथे शास्त्रज्ञांनी गाभण माकडिणींना धूर न देता केवळ निकोटीन दिले. पिलांच्या फुप्फुसांची घडण बदललेली आढळली: श्वासनलिकांच्या भिंतींत राठपणा वाढलेला, वाऱ्याला विरोध अधिक. तेव्हा ‘धूर नाही ना, मग झाले’ ही समजूत निदान माकडांच्या बाबतीत तरी खोटी ठरली आहे.

कानाचेही एक सांगतो, कारण तो माझा विषय. अमेरिकेत 12 ते 15 वर्षांच्या 964 मुलांची श्रवणपरीक्षा करून 2013 साली एक निबंध प्रसिद्ध झाला. आई गरोदरपणी सिगरेट ओढत असे अशा मुलांत, एका कानाने खालचे स्वर कमी ऐकू येण्याचा दोष इतरांच्या मानाने तिपटीच्या जवळपास आढळला. दोष बारीक, घरात कोणाच्या लक्षातही यायचा नाही. पण खर्जात ज्याचा एक कान कमी पडतो, त्याला तंबोऱ्याच्या शेवटच्या तारेतले काय ऐकू येत असेल? एखाद्या मुलाला ‘बेसूर आहेस’ म्हणून मी खुर्चीवरून उठवले असेल, त्याच्या कानाची चौकशी मी कधी केली नाही. ही नोंद धुराची, वाफेची नव्हे, हे येथे स्पष्ट करतो.

आता कोणीही विचारील, मग व्हेप ओढणाऱ्या आयांच्या मुलांचे पुढे काय झाले? याचे सरळ उत्तर असे की, ती मुले अजून मोठी व्हायची आहेत. हे यंत्र घरोघर पोहोचून पंधरा-वीस वर्षे झाली. त्या आयांची पहिली लेकरे आज शाळेत बसलेली आहेत. जन्माच्या वेळच्या नोंदी आहेत, त्या एका सुरात बोलत नाहीत. डब्लिनच्या कूम रुग्णालयातली 2020 सालची नोंद असे दाखवते की, केवळ व्हेप ओढणाऱ्या बायकांच्या बाळांचे वजन न ओढणाऱ्या बायकांच्या बाळांइतकेच भरले, आणि सिगरेट ओढणाऱ्यांच्या बाळांहून बरेच अधिक. अमेरिकेतल्या काही पाहण्यांत मात्र वजन कमी भरण्याचा आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचा धोका वाढलेला दिसतो. तेव्हा कोणी शपथेवर ‘काही होत नाही’ म्हणत असेल तर त्याचेही ऐकू नये, आणि ‘सर्वनाश होतो’ म्हणणाऱ्याचेही ऐकू नये.

येथवर आलो आणि मला आजींची डबी आठवली.

कारण धुराशिवायचे निकोटीन गर्भार बाईच्या पोटात गेले तर काय होते, हा प्रयोग नवा नाहीच. तो आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे. तव्यावर तंबाखूची पाने काळी होईतो भाजायची, चुरून डबीत भरायची, सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी काम आटोपल्यावर, निजताना दातांना लावायची. दात दुखतात म्हणून सुरुवात. मग पोट साफ होत नाही म्हणून. मग तिच्यावाचून डोके चढते म्हणून. पुणे-कोल्हापूरकडून आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी ही सवय सोबत आणली, आणि येथे गुजरातेत शेजारणींकडे बजर होतीच; दातांना लावायची ती तपकीर. नाव वेगळे, पान तेच. तंबाखूला येथे तोटाही नाही. आणंद-बोरसदच्या बाजूला गेले की चरोतरची शेतेच्या शेते तिचीच. त्या ओल्या पानांत राबणाऱ्या मजूर बायकांच्या तर कातडीतूनही निकोटीन अंगात जाते; त्यांचे कोणी कागद केले तर आणखी एक लेख होईल. आणि गंमत अशी की, बाईने विडी ओढली तर गावभर बोभाटा; मशेरी लावली तर ते दात घासणे!

या मशेरीवर मुंबईत चांगले काम झालेले आहे. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी या दोघा संशोधकांनी 1217 गरोदर बायकांची बाळंतपणापर्यंत माग ठेवून नोंद केली आणि 2004 साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. तंबाखू वापरणाऱ्या बायकांत मशेरीवाल्यांचा भरणा मोठा होता. वय, शिक्षण, घरची परिस्थिती वगैरे गोष्टींचा हिशेब वजा करूनही त्यांची बाळे सरासरीने 105 ग्रॅम हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. 105 ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. तीन किलोच्या गुटगुटीत बाळाला ते काहीच नव्हे. पण आधीच जे अडीच किलोच्या उंबरठ्यावर आहे, त्याला ते उंबरठ्याबाहेर ढकलते. दोन वर्षांनी, 2006 साली, याच बायकांच्या नोंदींवरून दुसरा निबंध निघाला. तंबाखू वापरणाऱ्यांत मूल मृत जन्मण्याचा धोका अडीच पटीहून अधिक होता.

स्वीडनमध्ये मशेरीची एक बहीण आहे, स्नुस नावाची. ओठाखाली ठेवायची ओली तंबाखू, धुराचा लवलेश नाही. त्या देशात 1973 पासून प्रत्येक जन्माची नोंद सरकारदरबारी आहे, त्यामुळे तेथले आकडे फार मोठे आणि पक्के. तेथेही तोच सूर निघाला: मुदतीआधी जन्म अधिक, मृत जन्म अधिक. आणि 2011 सालच्या एका निबंधात मला फार चटका लावणारी गोष्ट सापडली. स्नुस वापरणाऱ्या आयांच्या नवजात बाळांत श्वास मध्येच थांबण्याचा प्रकार जास्त आढळला. इतकेच नव्हे, तर सिगरेट ओढणाऱ्यांच्या बाळांपेक्षाही जास्त. धूर नसून!

व्हेपच्या मुलांचे पुढे काय होईल याचे थोडे उत्तर अशा रीतीने आजींच्या कनवटीला होते. तुकड्या-तुकड्यांचे, पण उत्तर.

पुढच्या खेपेस आजी आल्या, तेव्हा वर्गाला अवकाश होता. मी त्यांना हे सारे सांगितले. सांगायला नको होते, असे त्यानंतर कित्येकदा वाटले. नातीला समजावण्यासाठी त्यांची मदत व्हावी एवढाच माझा हेतू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. डबी हातात होती. ती उघडली नाही. बराच वेळ तिच्या झाकणावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, त्रेसष्ट साली मला एक झाले होते. आठवा सरत आला होता. मुलगा. रडलाच नाही.”

मी काहीच बोललो नाही.

“तेव्हा मी दिवसातून पाच वेळा लावत होते. सासूबाई भाजायच्या, आम्ही दोघी जावा लावायचो. म्हणजे माझ्यामुळे?”

मी त्यांना सांगितले ते खरेच सांगितले. मूल मृत जन्मण्याला शंभर कारणे असतात. हजार बायकांचा हिशेब हजारांना लागू होतो, त्यातून एका बाईकडे बोट दाखवता येत नाही. त्यांच्या जावेने तेवढीच मशेरी लावली आणि तिची तिन्ही मुले धडधाकट आहेत. आणि त्या काळी हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यांच्या डॉक्टरांनाही नव्हते. त्या ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, “म्हणजे नक्की आहे असे नाही. आणि नाही असेही नाही.” वैद्यकशास्त्राचा एवढा नेमका सारांश मला त्या सगळ्या कागदांत मिळाला नव्हता.

त्या दिवशी पडदा उजळला तेव्हा आजीच आधी बोलल्या. रागावल्या नाहीत. पडद्याजवळ खुर्ची ओढून एवढेच म्हणाल्या, “बाळ, तुझ्या त्या वाफेत तंबाखूचे विष आहे का, एवढे खरे सांग.”

आता मुलीची बाजू. ती ऐकल्यावर माझेही काही ग्रह मला गुंडाळून ठेवावे लागले. ती म्हणाली, “आहे, आजी. पण मी सिगरेट ओढत होते. दिवसाला दहा.” खोलीत एकदम शांतता झाली. पहिल्या नोकरीत, एकटी राहत असताना, थंडीत बाहेर उभ्या राहणाऱ्या मैत्रिणींबरोबर ती सवय लागली. घरी कोणाला कळू दिले नाही. दिवस राहिल्याचे कळताच तिने सिगरेट टाकली, पण राहवेना. तेव्हा तिकडच्या सुईणबाईंनीच सांगितले की, सिगरेटकडे परत जाण्यापेक्षा व्हेप पुष्कळ बरी. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचे धोरणच तसे आहे आणि त्याला आधारही आहे. तेथे 1140 गरोदर धूम्रपानी बायकांवर एक मोठा प्रयोग झाला, 2022 साली त्याचा निकाल लागला. अर्ध्या बायकांना निकोटीनच्या चिकटपट्ट्या दिल्या, अर्ध्यांना व्हेप. पट्टीवाल्यांत कमी वजनाची बाळे शंभरात पंधराच्या घरात निघाली, व्हेपवाल्यांत दहाच्या आत.

तेव्हा जी सिगरेटच्या विहिरीत पडलेली आहे, तिला ही दोरी आहे. तिच्या हातातून ती दोरी हिसकावून घेणारे आपण कोण? पण जी काठावर कोरडी उभी आहे तिने दोरी धरून विहिरीत उतरण्याचे काय कारण? आणि वर आलेलीनेही ती दोरी जन्मभर कमरेला बांधून हिंडू नये. माझ्या विद्यार्थिनीचे चुकले ते एवढेच की, ‘सिगरेटपेक्षा बरी’ हे सुईणबाईंचे वाक्य तिच्या मनात दोन महिन्यांत ‘नुसती वाफ’ होऊन बसले. पुदिन्याचा वास, निळा रंग; वस्तूच अशी की, औषध म्हणून घेतली हे विसरायला होते. तिच्या द्रवात मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅम निकोटीन होते. तिकडच्या कायद्याने त्याहून कडक विकताच येत नाही. म्हणजे ती अगदी वरच्या पट्टीत गात होती!

बालरोगतज्ज्ञांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तिला कळवली. ओरेगॉनमधल्या त्याच मंडळींनी 2014 साली असे दाखवले की, सिगरेट न सोडू शकलेल्या गरोदर बायकांना रोज 500 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले, तर बाळांची फुप्फुसे जन्मतः अधिक चांगली चालतात. यावर लगेच ‘मग आवळा खाऊन ओढू’ असे म्हणणारे निघतील, म्हणून सांगतो: न ओढणाऱ्यांच्या बाळांची बरोबरी त्या गोळीने साधत नाही. तिने सुईणबाईंना विचारून ते सुरू केले, आणि द्रवाची तीव्रता दर पंधरवड्याने उतरवत नेण्याचे ठरवले. वीसवरून दहा, दहावरून सहा. मी म्हटले, अवरोह नीट घे, स्वर गाळू नकोस.

आपल्या देशात हे यंत्र 2019 च्या सप्टेंबरात वटहुकुमाने आणि डिसेंबरात कायद्याने बंद झाले. बनवणे, आणणे, विकणे, जाहिरात करणे, सारेच गुन्हा. तरी ते चोरून मिळते, आणि कॉलेजातल्या मुलामुलींच्या हाती दिसते, हे पालकांनी समजून असावे. त्या द्रवाची बाटली घरात असेल तर आणखी एक धोका. आंबा, मिठाई, फळे असे त्याचे वास. रांगते मूल ते सरबत समजून तोंडाला लावते, आणि थोडक्या घोटांत जिवावर बेतते. अमेरिकेला बाटल्यांची झाकणे मुलांना उघडता येऊ नयेत म्हणून वेगळा कायदा करावा लागला. मशेरीला मात्र आपल्याकडे बंदी करणार कोण? ती दुकानात मिळते, आणि नाही मिळाली तर तवा घरात आहेच.

सगळा उपदेश बायकांनाच का, असे कोणी म्हणेल, आणि ते योग्यच म्हणेल. गवयांच्या बैठकीत तंबाखूचे पान चालत आलेले आहे. मीही माझी मुलगी चार महिन्यांची होईपर्यंत ते खात होतो, आणि त्याच तोंडाने तिचे पापे घेत होतो. बायको गरोदर असताना शेजारी बसून सिगरेट ओढणाऱ्या नवऱ्याला डोहाळे कोणी विचारत नाही, तसा जाबही कोणी विचारत नाही.

मुलगी सातव्या महिन्याच्या अखेरीस निकोटीन नसलेल्या द्रवावर आली, आणि पुढे तेही सुटले. एकदा मध्येच घसरली; रडून सांगितले. आम्ही त्या दिवशी गायलोच नाही, नुसता तंबोरा लावून ठेवला. यथाकाळ तिला मुलगी झाली. वजन 2 किलो 900. छान रडते. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला आता पुरते कळते. उलट झाले असते तरी काही सिद्ध झाले नसते.

आजी अजून येतात. आता पडद्यावर दोघी दिसतात. मशेरी त्यांची सुटलेली नाही. पासष्ट वर्षांची सवय चौऱ्याऐंशीव्या वर्षी कोण सोडवणार? पाचाची दोनदा झाली आहे. माझ्या घरात त्या डबी काढत नाहीत. हा लेख लिहू का, म्हणून मी त्यांना विचारले होते. “लिहा,” म्हणाल्या. “नाव घालू नका. आणि माझ्या धाकट्या सुनेकडे पेपर येतो, तिच्या हाती पडेल असे बघा. तिच्या मुलीला तिसरा आहे, आणि ती गुळाबरोबर कसलीशी काळी पूड लावते. दाताची पूड आहे म्हणते.”